शुगर किती ते नंतर, आधी कोणती ते विचारा

पत्र भांडुपहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई पन्नाशी ओलांडलेल्या आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून त्यांच्या पत्राचा सारांश देते.

घरात तिघं. ताईंच्या यजमानांना १४ वर्षांपासून डायबिटीस आहे. रोज दोन गोळ्या, बिनसाखरेचा चहा आणि वर्षातून एकदा शुगरची तपासणी. 'त्यांना तसा काहीच त्रास नाही, फक्त हल्ली चालताना पायातली चप्पल निसटली तरी पटकन कळत नाही,' असं ताई लिहितात. मुलगा २७ वर्षांचा, अंगाने बारीक, अंधेरीला नोकरी करतो. दिवाळीनंतर त्याला सारखी तहान लागायला लागली, रात्री चार-चारदा लघवीला उठू लागला आणि अडीच महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. नोकरीचा ताण आणि लोकलची धकाधक, असं सगळ्यांना वाटलं. शेवटी तपासलं तर उपाशीपोटी शुगर २६८. जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दीड महिना गोळ्या घेऊनही शुगर अडीचशेच्या खाली येत नाही आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, ११.४ आली. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, हा वेगळा प्रकार असू शकतो, तपासण्या करू, पण इन्सुलिन आजच सुरू करा.

त्यावरून घरात वाद पेटला आहे. बाबांचं म्हणणं, 'वडापाव आणि कोल्ड्रिंक बंद कर, आपोआप उतरेल. मला १४ वर्षांत सुई लागली नाही, तुला कशी लागते?' आत्या म्हणते, इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही, ती शेवटची पायरी. त्यातच मुलासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. ताई विचारतात, 'सहा महिने कडक पथ्य, कारल्याचा रस आणि गोळ्या करून बघू का? नाहीच उतरली तर मग इन्सुलिन. आणि तोवर ही गोष्ट बाहेर कळू न दिलेली बरी ना? याच्या वेळी गरोदरपणात मलाही शुगर झाली होती, बाळंतपणानंतर गेली. हे माझ्याकडून तर त्याला गेलं नसेल? मला हल्ली फार दमायला होतं, पण ते काळजीनेच असणार.'

प्रिय ताई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. सहा महिने थांबू नका, सहा दिवसही थांबू नका. पत्र मिळालं त्याच दिवशी हे तुम्हाला थोडक्यात कळवलं होतं. इथे सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं मला वरचेवर येतात आणि प्रत्येक घरात वाद साधारण हाच असतो.

आधी एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेवण्यासारखी. मुलाला उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखायला लागलं, श्वास खोल आणि भरभर चालू लागला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास आला किंवा तो गुंगीत असल्यासारखा बोलू लागला, तर ओपीडीची वेळ बघायची नाही. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्यायचं आणि दारातच सांगायचं की याची शुगर खूप जास्त आहे. 'अ‍ॅसिडिटी झाली असेल, सकाळी बघू' असं म्हणून रात्र काढायची नाही. शरीरात इन्सुलिन नसलं की ते चरबी जाळत सुटतं, त्यातून कीटोन नावाची आम्लं रक्तात साठतात आणि काही तासांत जिवावर बेतू शकतं. याला डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. मी बरीच वर्षं फिजिशियन म्हणून काम करते आहे. अशी तरुण मुलं 'फूड पॉयझनिंग' म्हणून आणलेली मी पाहिली आहेत.

आता जरा बसून बोलू.

तुमच्या पत्रात तिघांच्या आजाराला तुम्ही एकच शब्द वापरला आहे: शुगर. यजमानांची शुगर, मुलाची शुगर, तुमची गरोदरपणातली शुगर. आपण सगळेच असं बोलतो. पण ताप म्हटलं की आपण लगेच विचारतो, मलेरिया की डेंग्यू की टायफॉइड? पावसाळ्यात तर मुंबईत शेजारच्या काकूही विचारतात. शुगर म्हटलं की मात्र आपण फक्त 'किती?' विचारतो. कोणती, असं कुणी विचारत नाही. तुमच्या घरातला सगळा वाद या न विचारलेल्या प्रश्नावर उभा आहे. बाबा त्यांच्या आजाराचं औषध मुलाच्या आजाराला सांगताहेत. त्यामागे प्रेमच आहे, पण आजार वेगळा असण्याची शक्यता मोठी आहे.

तुमच्या सोसायटीतलं पाणी डोळ्यांसमोर आणा. महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत येतं, पंप ते वर चढवतो, मग घराघरात नळ चालतात. आपण खातो त्या अन्नाची साखर रक्तात येते, ती खालची टाकी. पेशी म्हणजे वरची घरं. साखर रक्तातून पेशींपर्यंत पोचवण्याचं काम इन्सुलिन करतं आणि ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशी तयार करतात.

डायबिटीसचे मुख्य प्रकार दोन, टाइप १ आणि टाइप २. टाइप २ मध्ये पंप चालू असतो, पण पाइप आतून गंजून अरुंद झालेले असतात. त्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. पंप दुप्पट जोर लावतो, काही वर्षं निभावतं, मग तोही थकत जातो. यात पाइप मोकळे करणारी गोळी उपयोगी पडते, पंपाला रेटा देणारी पडते, वजन उतरवणं आणि चालणं तर फारच उपयोगी पडतं. तुमच्या यजमानांचं बहुधा हेच आहे. आपल्याकडचे बहुतांश डायबिटीसचे लोक याच प्रकारचे.

टाइप १ मध्ये पंपच जळालेला असतो. शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच बीटा पेशींवर उठते आणि त्या नष्ट करते. खालची टाकी भरून वाहते आहे आणि चौथ्या मजल्यावर नळाला थेंब नाही, अशी अवस्था होते. आता तुमच्या घरातला सहा महिन्यांचा बेत बघा. पथ्य म्हणजे टाकीत येणारं पाणी कमी करणं. टाकी वाहायची थोडी कमी होईल, पण वरची घरं कोरडीच राहणार. त्याचं नऊ किलो वजन उतरलं ते याचमुळे. साखर रक्तात असूनही शरीर उपाशी आहे आणि स्वतःचे स्नायू, स्वतःची चरबी खात सुटलं आहे. अशा मुलाला आणखी कमी खायला सांगणं किती क्रूर आहे, हे त्याच्या बाबांना नीट समजलं तर ते स्वतःच थांबतील, याची मला खात्री वाटते.

लक्षणांमागचं कारणही इथेच आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही, ती लघवीत उतरते आणि स्वतःबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते आणि त्यामुळे तहान. 'पाणी जास्त पितो म्हणून लघवीला जातो' असं आपण म्हणतो, खरा क्रम उलटा असतो. त्यापुढे भूक, थकवा, डोळ्यांसमोर अंधूक दिसणं, जखम लवकर न भरणं, जांघेत किंवा लघवीच्या जागी वारंवार येणारी खाज. यादी दोन्ही प्रकारांत जवळपास सारखीच. फरक वेगाचा असतो. टाइप १ बहुतेक वेळा काही आठवड्यांत, दोन-तीन महिन्यांत माणसाला आडवं करतो. टाइप २ वर्षानुवर्षं गप्प असतो, कित्येकदा विमा काढताना किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सापडतो. तेव्हा लक्षण काय आहे याबरोबर ते किती दिवसांत वाढलं, हे डॉक्टरांना सांगायचं. दिवाळीत बरा असलेला मुलगा अडीच महिन्यांत नऊ किलोने उतरतो, ही एक गोष्ट मला २६८ या आकड्यापेक्षा जास्त सांगते.

तरीही, ताई, 'टाइप १' हा शिक्का मी इथून मारणार नाही. मी त्याला तपासलेलं नाही. आणि 'बारीक आहे म्हणजे टाइप १' असं आपल्या लोकांत म्हणता येत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे जगापुढे मांडलं. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी छापलेला एक फोटो २००४ साली प्रसिद्ध झाला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी, अशी आपली ठेवण. म्हणून आपल्याकडे तिशीतल्या सडपातळ माणसालाही टाइप २ होतो.

त्यामुळे तपासण्या करायच्या. लघवीतले कीटोन लगेच बघायचे, ती साधी पट्टीची तपासणी असते. रक्तातली जीएडी अँटिबॉडी बघायची. ती सापडली तर शरीर स्वतःच्याच पेशींवर उठलं आहे याचा पुरावा मिळतो, मात्र नाही सापडली म्हणून टाइप १ नाहीच असं होत नाही. सी-पेप्टाइडवरून स्वतःचं इन्सुलिन किती बनतं आहे ते कळतं. पोटाची सोनोग्राफीही डॉक्टर सांगतील, कारण स्वादुपिंडात खडे किंवा जुनी सूज असली तरी डायबिटीस होतो. दम्यासाठी, त्वचेसाठी किंवा जिममध्ये कुणी दिलेली स्टेरॉइड्स त्याने घेतली आहेत का, हे त्याला एकट्याला विचारा, बाबांसमोर नको. आणखी एक दुर्मिळ प्रकार आहे, एका जनुकातल्या बिघाडाने होणारा. त्यात आजोबा, वडील, मुलगा असे पिढीमागून पिढी तरुणपणीच सापडतात. तुमच्या घरात बाबांचा आजार चाळिशीनंतरचा असेल, तर त्याची शक्यता कमी.

अहवाल यायला काही दिवस लागतात. तोवर थांबायचं नाही, इन्सुलिन आजच सुरू करून चालू ठेवायचं. दोन्ही बाजू तोलून बघा. उद्या अहवालात टाइप २ निघाला, तर इन्सुलिन कमी करत बंद करून गोळ्यांवर आणता येतं, असं आम्ही अनेकदा करतो. तुम्ही गमावलं काय, तर काही सुया. पण टाइप १ असताना इन्सुलिन दिलं नाही, तर मुलगा गमावण्याची भीती आहे. हे दोन्ही धोके एका पारड्यात घालण्यासारखे नाहीत.

आत्याबाई म्हणतात ती 'शेवटची पायरी' कुठून आली, तेही सांगते. टाइप २ मध्ये पूर्वी इन्सुलिन फार उशिरा सुरू व्हायचं. डोळे, किडनी बिघडल्यावर. सुई लागली आणि काही महिन्यांत माणूस गेला, असं घराघरात पाहिलं गेलं आणि दोष सुईवर आला. खरं म्हणजे सुई उशिरा आली होती. 'सुटत नाही' हेही दारूसारखं व्यसन नव्हे. टाइप १ मध्ये शरीराला जे बनवता येत नाही ते आपण बाहेरून देतो, म्हणून ते रोज लागतं.

तुमचा सहा महिन्यांचा बेत एकेकाळी जगभरचे डॉक्टर खरोखर वापरत होते. इन्सुलिनचा शोध लागण्याआधी टाइप १ च्या मुलांना कडक उपासमार हाच उपचार होता. मुलं थोडे जास्त दिवस जगायची, हाडांचा सापळा होऊन. १९२१ साली टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळं काढलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे १३ वर्षं जगला. त्यानंतर आपलं औषध शंभर वर्षं पुढे आलं आहे. इन्सुलिनचं पेन आलं, त्याची सुई इतकी बारीक की मुलं शाळेच्या बाथरूममध्ये स्वतः टोचून घेतात. आणि आपण आपल्या मुलाला १९२१ च्या आधी नेऊन ठेवायचं?

सुश्रुताची आठवण मला इथे हमखास येते. प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या विकारांचे, दोन प्रकार त्याने सांगितले आहेत: सहज, म्हणजे जन्मजात कल असलेला, आणि अपथ्यनिमित्तज, म्हणजे चुकीच्या आहारविहारातून आलेला. पहिला रोगी कृश, दुसरा स्थूल, आणि दोघांचा उपचार वेगळा. आधुनिक टाइप १, टाइप २ शी हे तंतोतंत जुळतं असं मी म्हणत नाही. पण 'कोणता?' हा प्रश्न आपल्याच मातीत इतका जुना आहे. कारल्याच्या रसाचा आग्रह धरणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. कारल्याची भाजी खुशाल खा. इन्सुलिनच्या जागी रस मात्र नको.

आता बाबांकडे वळते. त्यांच्या गोळ्या मुलाला देऊन बघण्याचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो लगेच सोडा. काही गोळ्यांनी शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं त्या टाइप १ मध्ये कीटोअ‍ॅसिडोसिस घडवू शकतात, तेही शुगर फारशी वाढलेली नसताना. मुलाला सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटंही नव्या डॉक्टरांना दाखवा.

आणि ती चप्पल. 'काहीच त्रास नाही, फक्त चप्पल निसटली तरी कळत नाही.' ताई, हाच त्रास आहे. १४ वर्षांच्या साखरेने पायांच्या नसा बधिर केल्या की पायातली चप्पल गेलेली कळत नाही, तसंच टोचलेला खिळाही कळत नाही, चावणारा बूटही कळत नाही. जखम होते, दुखत नाही, म्हणून बघितली जात नाही, चिघळते आणि मग बोट किंवा पाय कापायची वेळ येते. उपाशीपोटीची शुगर ठीक आली म्हणजे सगळं ठीक, हे गृहीत त्यांनी सोडायला हवं. त्यांना या आठवड्यात पाय तपासून घ्यायला पाठवा. डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून बघायचा, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, शिवाय कोलेस्टेरॉल आणि बीपी. हे दरवर्षी. घरी रोज रात्री तळपाय बघायचा, वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. अनवाणी चालणं बंद, देवळाच्या तापलेल्या फरशीवरसुद्धा. १४ वर्षं सुई लागली नाही म्हणून ते मुलापेक्षा शिस्तीचे ठरतात, असं नाही. दोघांचे आजार वेगळे आहेत. आणि उद्या त्यांनाही इन्सुलिन लागलं, तर त्यात हार कसली? वर्षं झाली की टाइप २ मध्येही पंप थकतो.

वडापावचं एकदाचं मिटवून टाकू. टाइप १ वडापावने होत नाही, कोल्ड्रिंकने होत नाही, लाडाने होत नाही. त्या मुलाला रोज जेवताना हे ऐकावं लागत असेल, तर आजारापेक्षा ते जास्त बोचत असणार. आहार सांभाळावा लागेल, पण तो वेगळ्या पद्धतीने. पिष्टमय किती खाल्लं त्याप्रमाणे इन्सुलिनची मात्रा ठरवायला तो शिकेल. पाव, बटाटा, भात, साबुदाणा आणि ज्वारीची भाकरीसुद्धा, सगळ्यांतून साखरच बनते. एखादा वडापाव त्या हिशेबात बसवता येतो. बाबांना मात्र साबुदाण्याच्या खिचडीचा 'उपवास' झेपत नाही, हे दोघांनीही लक्षात ठेवा.

आणि एक गोष्ट मला पत्र वाचताना सारखी टोचली. बाबा काय म्हणतात ते तुम्ही लिहिलंत, आत्या काय म्हणतात ते लिहिलंत, स्थळवाले काय म्हणतील तेही लिहिलंत. मुलगा काय म्हणतो, याची एक ओळ पत्रात नाही. तो २७ वर्षांचा आहे. आजार त्याच्या शरीरात आहे, सुई त्याला घ्यायची आहे. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना त्याला पुढे बसू द्या, प्रश्न त्याला विचारू द्या. तुम्ही मागे बसा आणि ऐका.

लपवण्याबद्दलही निर्णय त्याचाच. माझं मत विचाराल तर लपवू नका. लपवलेला आजार माणसाला बाथरूममध्ये चोरून सुई घ्यायला लावतो, पाहुण्यांसमोर डोस चुकवायला लावतो. आणि जिच्याशी तो लग्न करेल ती रात्री तीन वाजता त्याला घाम फुटलेला, थरथरताना बघेल, तेव्हा तिला काय करायचं ते माहीत नसेल. टाइप १ असलेली माणसं लग्न करतात, मुलं होतात, नोकऱ्या करतात, डोंगर चढतात. वडिलांना टाइप १ असेल तर मुलाला होण्याची शक्यता शेकड्यात पाच-सहाच्या आसपास असते, म्हणजे बहुसंख्य मुलांना होत नाही. हे कळल्यावर एखादं स्थळ मागे फिरलं, तर आज फिरलेलं बरं. सध्या स्थळांचं दोन-तीन महिने थांबवा. आधी त्याचं वजन परत येऊ दे, चेहऱ्यावर तजेला येऊ दे.

रात्रीच्या त्या घामाचं सांगायलाच हवं, कारण इन्सुलिन सुरू झालं की जास्त शुगरइतकीच कमी शुगरही ओळखावी लागते. हात थरथरणं, घाम, धडधड, एकाएकी चिडचिड, बोलण्यात गोंधळ. मीटरवर ७० च्या खाली असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची किंवा ग्लुकोज पावडर, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि तरी कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशाने साखर हळू चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल. संध्याकाळच्या गर्दीत घाटकोपर ते भांडुप दारात लटकताना हात थरथरला तर बॅग उघडता येत नाही, म्हणून ग्लुकोजची पुडी शर्टाच्या खिशात हवी. ऑफिसातल्या एका तरी सहकाऱ्याला हे सगळं सांगून ठेवायला लावा.

इन्सुलिन न उघडलेलं असेल तर फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचं. वापरातलं पेन साधारण चार आठवडे घरातल्या तापमानाला चालतं, पण मे महिन्यात बाइकच्या डिकीत नाही. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी मातीच्या माठात पाणी घालून, त्यात कुपी कोरडी राहील अशी ठेवावी.

खर्चाची काळजी तुमच्या पत्रात ओळींमधून दिसते. परळचं केईएम आणि मुंबई सेंट्रलचं नायर, महापालिकेच्या या दोन्ही हॉस्पिटलांत एंडोक्रायनॉलॉजीचा, म्हणजे डायबिटीस आणि संप्रेरकांच्या आजारांचा, स्वतंत्र विभाग आहे. केसपेपरच्या रांगेत सकाळ जाईल, पण डॉक्टर याच आजाराचे मिळतील. सगळ्यांना महागडी पेनंच लागतात असंही नाही. कुपीतलं साधं ह्यूमन इन्सुलिन बरंच स्वस्त पडतं आणि नीट शिकून घेतलं तर त्यावरही उत्तम नियंत्रण राहतं. डॉक्टरांना संकोच न करता विचारा.

शेवटी तुमच्याबद्दल. तुमच्या गरोदरपणातल्या शुगरने त्याला हे झालं, असं मनातून काढून टाका. गरोदरपणातला डायबिटीस टाइप २ च्या जातीचा असतो. वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचं काम अडतं, वार पडली की बहुतेकींची शुगर उतरते. टाइप १ ची वाट वेगळी आहे, आणि तो होणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात तो कुणालाच नसतो.

पण 'बाळंतपणानंतर गेली' हे वाक्य मी दोनदा वाचलं. ती पूर्ण जात नाही, ताई. जिला गरोदरपणात शुगर झाली तिला पुढे टाइप २ होण्याचा धोका इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त असतो. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणि पुढे जन्मभर, दर एक ते तीन वर्षांनी तपासायचं असतं. तुम्ही २७ वर्षांत कधी तपासलंत, ते पत्रात नाही. बहुधा तपासलंच नसेल. यजमानांची गोळी, मुलाचा डबा, सगळ्यांचे आकडे तुम्हाला पाठ आहेत. दमायला होतं ते काळजीने असेलही. पण भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबिटीस आहे, आणखी १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असं आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. त्या उंबरठ्यावर माणूस साधारण असाच दिसतो, नुसता दमलेला. आरशात मानेची मागची बाजू बघा, घासूनही न जाणारा मखमली काळेपणा आहे का? कंबर मोजा. आपल्याकडे बाईची ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की सावध व्हायचं असतं.

रात्री नऊनंतर काही खाऊ नका आणि सकाळी चहा न घेता लॅबमध्ये जा. आधी उपाशीपोटीचं रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा. उपाशीपोटी १०० च्या आत आणि दोन तासांनी १४० च्या आत असेल तर उत्तम. १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा दोन तासांनी २०० किंवा त्याहून जास्त, हा डायबिटीस. मधलं काही असेल तर उंबरठा, आणि तिथून चालून, वजन उतरवून मागे फिरता येतं. एचबीए१सीसुद्धा करा, ५.७ च्या आत हवं, ६.५ पासून डायबिटीस. सोबत हिमोग्लोबिनही बघा, कारण अंगात रक्त कमी असेल तर एचबीए१सी फसवतं आणि तुमच्या वयाच्या कितीतरी बायकांचं रक्त कमी असतं.

मुलाच्या तपासण्या इन्सुलिन देणाऱ्या डॉक्टरांकडे आजच होऊ देत. तुमच्या रक्ताला दोन तास लॅबच्या बाकावर बसावं लागेल, तेव्हा सुट्टीचा वार बघून यजमानांना बरोबर घ्या. त्यांचे पाय तपासणारे डॉक्टर त्याच रस्त्यावर असतील. आणि मुलाला काही विचारायचं असेल तर त्याने मला स्वतः लिहावं, उत्तर त्याच्याच नावाने पाठवीन.